चोर्ला घाटात तापलेली ५२५आय: हेड उघडण्याआधीचा हिशेब

गाडी २००९ ची बीएमडब्ल्यू ५२५आय, ई६० मॉडेल. इंजिन एन५२: सहा सिलिंडर, २,४९७ सीसी, पेट्रोल. मीटरवर १,२८,४०० किलोमीटर. नोंदणी बेळगावची, केए-२२. पंधरा वर्षांची मुदत २०२४ मध्ये संपली आणि फिटनेस होऊन २०२९ पर्यंत नूतनीकरण झालं. बॉडी स्वच्छ, अपघात नाही, गिअरबॉक्स निकोप.

मे महिन्यातला रविवार. गोव्याहून परत येताना केरीच्या पुढे चोर्ल्याची चढण सुरू झाली. आत पाच माणसं, सामान आणि फुल एसी. आधी पिवळा दिवा लागला, मग लाल. या गाडीत तापमानाचा काटाच नाही. काट्याच्या जागी पेट्रोल किती जळतंय ते दिसतं. त्यामुळे चालवणाऱ्याला पहिली खबर मिळते तीच मुळात उशिराची असते. बॉनेटमधून वाफ आली, गाडी थांबली, थोड्या वेळाने कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत बाटल्यांतलं पाणी ओतलं गेलं, पाणी आत राहीना. मग फ्लॅटबेडवरून गाडी बेळगावात आली. दोन चाकं उचलून ओढून आणली नाही हे बरं झालं. मागच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढली, की गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि इंजिनच्या जोडीला तोही जातो.

प्रश्न असा होता: चालू स्थितीत जिची किंमत साडेचार लाखांच्या आसपास आहे, अशा गाडीच्या इंजिनावर किती खर्च करायचा आणि तो कुठे थांबवायचा? उत्तर एका बैठकीत मिळत नाही. टप्प्याटप्प्याने शोधावं लागतं, आणि प्रत्येक टप्प्यावर कुठे थांबायचं ते त्या टप्प्याचे पैसे घालण्याआधी ठरवावं लागतं.

पहिला प्रश्न मिनिटांचा

गाडी फ्लॅटबेडवरून उतरली तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, “लाल दिवा लागल्यावर किती लांब आलासा?” मालक म्हणाले, “लगेच बंद केलो की ओ.” हे उत्तर सगळेच देतात आणि कुणी मुद्दाम खोटं बोलत नाही. घाटात वळणावर थांबायला जागा नसते, मागून ट्रकचा हॉर्न वाजत असतो, मोबाइलला रेंज नसते. त्या घाईत वेळेचा अंदाज राहत नाही. मालकांच्या मोबाइलमधल्या नकाशाची टाइमलाइन उघडून पाहिली. वेग एकदम पडला त्या ठिकाणापासून गाडी थांबली तिथपर्यंत नऊ मिनिटं.

नऊ मिनिटं म्हणजे धोक्याची, पण आशा संपवणारी नाहीत. पंप मेला की या इंजिनाचा कंट्रोलर स्वतःहून ताकद कमी करतो, त्यामुळे त्या नऊ मिनिटांतलं सगळंच पूर्ण जोरावर गेलं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं रेटलेली, किंवा आपोआप बंद पडून पुन्हा सेल्फ मारून चालवलेली गाडी असती, तर पुढच्या तपासण्यांवर खर्च करण्याआधीच विक्रीचा विचार करावा लागला असता.

का तापली

स्कॅनरवर २ई८१ आणि २ई८२ हे दोन कोड आले. पहिला इलेक्ट्रिक वॉटर पंपाच्या वेगातल्या तफावतीचा, दुसरा पंप बंद पडल्याचा. एन५२ मध्ये पंप बेल्टवर चालत नाही. तो सुमारे २०० वॅटच्या मोटरवर चालतो आणि मोटरचं इलेक्ट्रॉनिक सर्किट पंपाच्या अंगातच असतं. उष्णता आणि वय यांनी ते सर्किट जातं, आणि जाताना बहुधा आवाज करत नाही, गळत नाही, एका दिवसात संपतं. म्हणून लाखभर किलोमीटरनंतर हा पंप चालू असतानाच बदलणारे शहाणे. या गाडीत पंप मूळचा होता.

तरी कोड आला म्हणून तिथेच थांबू नये. या भागात आणखी दोन कारणं कायम दबा धरून असतात. एक म्हणजे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट. गळिताच्या हंगामात निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यातून ट्रॉल्यांवरचा उसाचा पाचोळा रस्त्यावर पडतो, त्यावर खानापूरकडची तांबडी माती बसते, आणि बाहेरून जाळी स्वच्छ दिसली तरी आत गादीसारखा थर तयार होतो. या गाडीत खालचा एक चतुर्थांश भाग असाच बुजला होता. पंप धडधाकट असता तरी मे महिन्यात घाटात ही गाडी तापण्याच्या काठावरच चालली असती. दुसरं कारण बोअरचं पाणी. टॉपअपला ते घातलं की क्षार आत चिकटतात, आणि अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला पितळी रेडिएटरसारखं रॉडिंग (सळईने नळ्या साफ करणं) करता येत नाही.

उंचीचाही वाटा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथे साधं पाणी सुमारे ९७.५ अंशांना उकळतं. टाकीचं झाकण १.४ बारचा दाब धरतं म्हणूनच कूलंट १२५ अंशांच्या वरही द्रवरूपात राहतं. टाकीला तडा गेला की दाब जातो, आणि जे इंजिन मुळात शंभराच्या वर चालण्यासाठीच बनवलंय त्यातलं पाणी लगेच उकळतं. इथे टाकीच्या शिवणीला केसाएवढी चीर सापडली. ती आधीची की तापल्यावरची हे सांगता येत नाही, टाकी बदलायचीच.

स्टार्ट न करता काय कळतं

तपासणीसाठी नऊ हजार रुपयांची मर्यादा ठरली. तेवढ्यात निर्णयाइतकी माहिती मिळवायची, सुटा भाग एकही घ्यायचा नाही.

गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवली. पाणी तेलापेक्षा जड, ते तेलाच्या चेंबरच्या तळाला बसतं. या इंजिनाला डिपस्टिक नाही, तेलाची पातळी सेन्सर सांगतो; म्हणून सकाळी ड्रेन प्लग अगदी हळू सैल करून पहिले शंभर मिलिलिटर काचेच्या बाटलीत धरले. पाणी असेल तर ते आधी येतं, थेंब वेगळा दिसतो. इथे काळं, स्वच्छ तेल आलं. फिल्टरचं झाकण काढून घडीच्या कागदात साय दिसते का तेही पाहिलं. नव्हती.

इथे दोन फसव्या खुणा लक्षात ठेवाव्यात. तेल भरायच्या झाकणाला आतून पिवळट साय असणं म्हणजे हेड (सिलिंडरांवरचा झाकणासारखा भाग) आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) यांच्या मधलं गॅस्केट गेलं असं नव्हे. शहरातल्या शहरात, टिळकवाडी ते कॅम्प एवढंच फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात ती दमटपणामुळे धरते. आणि कूलंटमध्ये तेल दिसलं तरी हेडवर लगेच बोट ठेवू नये. ऑइल फिल्टरच्या हाउसिंगला ऑइल कूलर जोडलेला असेल तर त्यातलं रबरी सील गेल्यावरही तेच दिसतं. ते सील काही शे रुपयांचं असतं. त्यासाठी हेड उतरवलेल्या गाड्या आहेत.

पुढे प्लग काढून सहाही सिलिंडरमध्ये कॅमेरा घातला. या टप्प्यातली ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी, कारण एन५२ चा ब्लॉक साधा नाही. बाहेरून मॅग्नेशियम आणि आत सिलिकॉनयुक्त अॅल्युमिनियमचा ओतीव गाभा. सिलिंडरच्या भिंती, पाण्याचे मार्ग आणि हेड बोल्टचे आटे या गाभ्यात आहेत. वेगळे लायनर (आत बसवलेल्या नळ्या) नाहीत. भिंतीवर पिस्टनने उभे ओरखडे काढले असतील तर नेहमीच्या रीबोअरिंगने (सिलिंडर आतून थोडा मोठा करण्याने) काम होत नाही. बोअरिंगनंतर सिलिकॉनचे कण वर आणण्याची खास प्रक्रिया लागते आणि ती गल्लीतल्या यंत्रावर जमत नाही. म्हणून पहिला थांबा इथे: एका जरी सिलिंडरमध्ये नखाला लागेल असा ओरखडा दिसला, तर हे इंजिन संपलं असं धरायचं. सहाही भिंती गुळगुळीत दिसल्या. चौथ्या पिस्टनचा माथा मात्र बाकी पाचांपेक्षा उजळ होता, वाफेने धुतल्यासारखा.

कॉम्प्रेशनचे (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याचे) आकडे या इंजिनावर जपून वाचावेत. व्हॉल्वट्रॉनिकमुळे इनटेक व्हॉल्व्ह किती उघडायचे हे मोटर ठरवते. ती पूर्ण लिफ्टवर नसेल तर सहाही सिलिंडर सारखेच कमी दाखवतात आणि चांगलं इंजिन मेलेलं वाटतं. शिवाय बेळगावच्या उंचीवर हवेचा दाबच समुद्रकाठापेक्षा साधारण ८ टक्के कमी, त्यामुळे गोव्यात घेतलेला आकडा आणि इथला आकडा जुळत नाही. म्हणून खरा भर लीकडाउन चाचणीवर ठेवला. प्रत्येक पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, क्रँक फिरू नये म्हणून धरून ठेवायचा, ठरावीक दाबाने हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते पाहायचं. त्याहून महत्त्वाचं, ती कुठून निसटते ते ऐकायचं. तेलाच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, शेजारच्या प्लगच्या भोकातून आली तर दोन सिलिंडरमधलं गॅस्केट.

पहिल्या ते सहाव्या सिलिंडरपर्यंत आकडे असे आले: ९, ११, १०, ३१, १२, १०. चौथ्यात हवा सोडल्यावर कूलंटच्या टाकीत बुडबुडे. गॅस्केट गेलं किंवा हेडला तडा, दोन्हींपैकी एक नक्की. “आधी नुसता पंप घालून बघूया” हा पर्याय इथेच बाद झाला. पंप घातला असता, गाडी चार दिवस चालली असती, ज्वलनाचा वायू पाण्यात शिरून त्याने नवा पंप कोरडा पाडला असता आणि या खेपेला भिंती गेल्या असत्या. गॅस्केटचं गळकं बुजवणारं जे द्रव बाटलीत मिळतं, तेही याच कारणाने घालू नये. ते चिरेत बसायच्या आधी हीटरच्या बारीक नळ्यांत आणि पंपात बसतं.

उघडून बघण्याचीही किंमत असते

आता हिशेब. दोन ठिकाणी भाव काढले. चालू, स्वच्छ स्थितीत साडेचार लाख. आहे तशी, बंद, पण जोडलेली गाडी दीड लाख. हेड उतरवून डिकीत ठेवलेली गाडी एक लाख दहा हजार, कारण घेणाऱ्याला आत काय हरवलंय ते कळत नाही.

कूलिंगचं काम काहीही झालं तरी करावंच लागणार होतं. पंप ३८,०००, थर्मोस्टॅट ९,५००, नळ्या ७,०००, टाकी आणि झाकण ६,५००, कूलंट ३,५००, तेल साडेसहा लिटर आणि फिल्टर ७,५००, मजुरी १२,०००. एकूण ८४,०००. हेडच्या कामाचा अंदाज वेगळा: गॅस्केट सेट २४,०००, हेड बोल्ट ६,५००, अॅल्युमिनियमचे इतर बोल्ट ५,०००, हेडची चाचणी आणि फेसिंग (खालचा पृष्ठभाग सपाट करणं) १४,०००, सहा प्लग ६,०००, आटे दुरुस्ती लागली तर १५,०००, मजुरी ४५,०००. एकूण १,१५,५००. दोन्ही मिळून १,९९,५००.

म्हणजे सगळं नीट झालं तर दीड लाखाची गाडी दोन लाख घालून साडेचार लाखांची होते, हाती एक लाख उरतात. पुढच्या बुश आणि दोन टायरचे ३५,००० आधीच उभे होते, ते वजा केले तर ६५,०००. आणि हेड उघडल्यावर ते निकामी निघालं तर? उघडण्याची मजुरी १८,००० गेली आणि गाडीचा भाव ४०,००० ने उतरला, तोटा ५८,०००. एका बाजूला ६५ आणि दुसऱ्या बाजूला ५८. हेड वाचण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास नसेल तर उघडूच नये, असा याचा अर्थ. बरेच जण हा आकडा मांडत नाहीत. ‘उघडून तर बघू’ हे फुकट आहे असं समजून चालतात, आणि तिथून मागे फिरता येत नाही म्हणून पुढे पैसे ओतत राहतात.

इथे तेल स्वच्छ, भिंती स्वच्छ, एकच सिलिंडर गेलेला, ताकद आपोआप कमी झालेली. शक्यता निम्म्याहून बरीच वर धरायला आधार होता. गाडी विकायची नव्हती, २०२९ पर्यंत वापरायची होती, हेही पारड्यात पडलं. पण तेवढ्यावर निर्णय घेतला नाही.

जुनं इंजिन आणून बसवण्याचाही विचार झाला. १,६०,००० चं इंजिन, आणणं आणि बसवणं ४०,०००, आणि पंप, थर्मोस्टॅट, नळ्या, तेल तरीही नवं, म्हणजे दोन लाख साठ हजारांच्या पुढे. त्या इंजिनाचा इतिहास कुणालाच माहीत नसतो. शिवाय इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तो आरटीओत नोंदवून आरसीवर घ्यावा लागतो, आणि इंजिन कायदेशीर मार्गाने आलं याची पावती लागते. ती पावती नसलेलं इंजिन स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. पुढच्या फिटनेसला गाडी तिथेच अडकते.

विम्याकडून काही मिळण्याची आशा नव्हती. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक आणि विद्युत बिघाड वगळलेलाच असतो.

हेड उतरवल्यावर

कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) लॉक करायचे खास टूल हातात असल्याशिवाय या इंजिनाला हात लावू नये. खुणा मारून चेन उतरवणं जुन्या गाड्यांत चालून जायचं, इथे व्हॉल्व्ह वाकतात.

हेडचे बोल्ट सुटताना प्रत्येकाचा हाताला लागणारा जोर वेगळा लक्षात ठेवला. दोन बोल्ट, दोन्ही चौथ्या सिलिंडरच्या शेजारचे, नेहमीसारखे ‘कट’ करून सुटले नाहीत. लोण्यातून यावेत तसे मऊ आले. बाहेर काढले तेव्हा आट्यांमध्ये अॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली होती. ब्लॉकमधले आटेच बोल्टबरोबर उपसून आले होते. तापल्यावर हेड फुगतं, बोल्टवर ताण वाढतो आणि मऊ धातूतले आटे हार मानतात. गॅस्केट जाण्याचं मूळही बहुधा हेच: दोन बोल्टांची पकड गेली आणि चौथ्याचा कडा सुटला.

दुसरा थांबा आधीच ठरलेला होता: हेडचा कडकपणा. अॅल्युमिनियमचं हेड उष्णता-प्रक्रियेने कडक केलेलं असतं. फार तापलं की तो कडकपणा कायमचा जातो. असं हेड फेसिंग करून आरशासारखं दिसेल, पण बोल्ट आवळले की पुन्हा दबेल. याचा डोळ्यांनी अंदाज येत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीचा इथे खरा उपयोग. ज्या भागात फाउंड्र्या आहेत तिथे धातूचा कडकपणा मोजणारं ब्रिनेल मशीन आहे, आणि ही सोय मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच गॅरेजांच्याही हाताशी नसते. हेड स्वच्छ करून, गॅस्केटच्या कड्यापासून दूर, पाच मिलिमीटरच्या गोळीने २५० किलोच्या भाराखाली सहा जागी ठसे घेतले. निकोप हेड साधारण ८० ते १०० च्या दरम्यान असतं. ६० च्या खाली गेलं तर काम तिथेच थांबवायचं ठरलं होतं. आकडे ८२ ते ८८ आले. चौथ्याजवळचा सगळ्यात कमी, ८२. पुढे जायला हरकत नव्हती.

मग सरळपणा. स्ट्रेट एज आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फीलर गेज घातलं: मधोमध ०.१२ मिलिमीटर. ०.०५ च्या वर सोडायचं नाही. पण खालचा पृष्ठभाग वाकला असेल तर वरची कॅमशाफ्टची रेषाही वाकलेली असू शकते, आणि फेसिंग फक्त खालचं सरळ करतं. म्हणून फेसिंगच्या आधी टॅपेट न घालता कॅमशाफ्ट बसवला, कॅप ठरलेल्या जोराने आवळल्या आणि दोन बोटांनी फिरवला. कुठेही न अडखळता पूर्ण फेरा फिरला, म्हणजे वाक किरकोळ. अडला असता तर हेड आधी सरळ करून घ्यावं लागलं असतं, आणि तो खर्च हिशेबात नव्हता.

तड्यांसाठी पाण्याचे मार्ग बंद करून, आत तीन-चार बारची हवा भरून, हेड ८० अंशांच्या पाण्यात बुडवलं. थंड पाण्यात ही चाचणी करू नये. बारीक तडा गरम झाल्यावरच तोंड उघडतो. बुडबुडे आले नाहीत.

फेसिंगला ०.१५ मिलिमीटर काढलं. या हेडवर एकदाच आणि जास्तीत जास्त ०.३ पर्यंत काढता येतं आणि मग ०.३ ने जाड गॅस्केट घालावं लागतं. नाहीतर कॉम्प्रेशन वाढतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. गॅस्केट अनेक पत्र्यांचं स्टीलचं असल्याने पृष्ठभाग फार गुळगुळीत लागतो. साध्या ग्राइंडरच्या दगडाच्या रेघा त्याला चालत नाहीत. सीएनसी मिलिंगवरच करून घेतलं. ब्लॉकचा पृष्ठभाग मात्र मशीनवर नेला नाही, प्लास्टिकच्या पट्टीने आणि सॉल्व्हंटने साफ केला. ड्रिलला लावायची ती खरखरीत चकती ब्लॉकवर अजिबात फिरवू नये. तिची भुकटी तेलात उतरते आणि दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये बेअरिंग खाते. हेड चांगलं झालं आणि इंजिन खालून गेलं, अशा प्रकरणांच्या मुळाशी बऱ्याचदा ही चकती असते.

आटे दोनच गेले होते, पण इन्सर्ट (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचे नवे आटे) सगळ्या हेड बोल्टांना घातले. दोन उपसून आले तर बाकीचेही त्याच तापातून गेलेले. आवळताना शेवटच्या कोनात तिसरा सुटला तर नवं गॅस्केट, नवे बोल्ट, सगळं वाया. भरीव बाहीचे इन्सर्ट घेतले, तारेचे नाहीत. ड्रिलिंगला प्लेट बांधून सरळपणा धरला आणि किस व्हॅक्यूमने ओढून घेतला. या ब्लॉकवर ड्रिल चालवताना एक काळजी: मॅग्नेशियमचा किस पेट घेतो आणि पाणी टाकलं तर जास्त भडकतो. जवळ कोरडी वाळू ठेवावी.

हेड खाली होतंच, म्हणून व्हॉल्व्हचे स्टेम सील बदलले. या इंजिनात ते कडक होऊन निळा धूर सुरू होतो, आणि नंतर त्यांच्यासाठी परत एवढं सगळं उघडावं लागतं. इन्सर्टचे ७,००० आणि सीलचे ५,५०० वाढले. शेवटचा आकडा २,१२,०००.

जोडताना आणि पाणी भरताना

मॅग्नेशियमच्या ब्लॉकला कंपनीने अॅल्युमिनियमचे बोल्ट दिलेत. त्यांच्या डोक्यावर निळा रंग असतो आणि चुंबक चिकटत नाही. एकदा काढलेला बोल्ट परत वापरायचा नाही, तो ताणलेला असतो. एखादा तुटला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून त्या मापाचा लोखंडी बोल्ट आणून घातला तर आपल्याकडच्या पावसात लोखंड आणि मॅग्नेशियम यांच्यात गंज धरतो आणि ब्लॉकचा आटा खातो. हेड बोल्ट नवे, आधी टॉर्क (आवळायचा ठरलेला जोर) आणि मग कोन या क्रमाने. नंतर ‘एकदा परत आवळून’ घ्यायची पद्धत इथे नाही.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हवा काढायला इंजिन चालू करायचं नाही. बॅटरीला चार्जर लावायचा, इग्निशन ऑन, हीटर सगळ्यात गरमवर, पंखा सगळ्यात कमीवर, आणि ॲक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबून धरायचा. मग पंप स्वतः सुमारे बारा मिनिटं फिरतो आणि हवा टाकीकडे ढकलतो. तो थांबला की पातळी पाहून पुन्हा एकदा तेच. ही रीत न पाळता साध्या गाडीसारखं झाकण उघडं ठेवून रेस मारली, तर हेडमध्ये हवेचा फुगा राहतो. सेन्सर त्या फुग्यात लटकला तर तापमान कमी दाखवतो आणि धातू मात्र तापत असतो.

चाचणीत ओबीडी रीडर (गाडीच्या कंट्रोलरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून मोबाइलवर तापमान पाहिलं. आरामात चालताना १०५ ते ११२ दिसतं आणि अनेक जण तिथेच घाबरतात, थर्मोस्टॅट काढून टाकूया म्हणतात. हे इंजिन मुद्दाम एवढं गरम चालवलं जातं: कमी भाराला ११२, नेहमीच्या चालीला १०५, जोर वाढला की ९५, आणि पूर्ण जोरावर थर्मोस्टॅट उघडून ८० पर्यंत. चढणीला आकडा खाली येतो का, हे पाहायचं. अर्धा तास उभ्या गाडीत एसी लावून ठेवली, पंख्याचा वेग पाहिला. मग हायवेने वंटमुरीच्या चढावर दोन फेऱ्या. चढताना आकडा १०४ वरून ९३ वर उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना टाकीचं झाकण उघडलं: आत दाब नव्हता, आणि पातळी दाखवणारी फ्लोटची कांडी आदल्या संध्याकाळच्याच जागी होती. गॅस्केट बसलं नसतं तर रात्रभर थंड झाल्यावरही झाकण फुस्स करून उघडलं असतं.

पाचशे किलोमीटरवर तेल आणि फिल्टर बदलले, फिल्टरची घडी कापून धातूचा चुरा आहे का पाहिलं. कंडेन्सर आणि रेडिएटर वेगळे करून दर वर्षी गळीत हंगाम संपल्यावर धुवायचे, असं मालकांच्या सर्व्हिस पुस्तकात लिहून दिलं. बॉनेटच्या आतल्या बाजूला पंप बसवल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिकटपट्टी आहे. २,००,००० किलोमीटरला तो चालू असला तरी बदलायचा.